भरल्या वजनाची चढण

पान्ह्याला पान्हा हे नाव शाळेत पडलं. वडिलांच्या सायकलच्या हत्यारांतला एक पान्हा दप्तरात घालून तो वर्गात यायचा आणि मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं की बाकाचे नटबोल्ट सैल करत बसायचा. एकदा तपासणीला मोठे साहेब आले, ऐटीत खुर्चीवर टेकले आणि खुर्चीसकट जमिनीवर आले. साहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मुलांनी वर्षभर पुरवून वापरला. दप्तरं तपासली गेली, पान्हा सापडला, पोराला यथेच्छ चोप मिळाला आणि नाव जे चिकटलं ते आजतागायत. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला तेव्हा त्याची आई म्हणाली, "देवा, उघडायला तर येतंच याला. आता निदान परत जोडायला शिकेल."

शिकला, आणि असा शिकला की गावात उंच इमारत म्हटली की लोकांना पान्हा आठवायचा. आता लिफ्टवाल्याच्या कामात एक गंमत असते. लिफ्ट बंद पडली म्हणूनच त्याला बोलावतात, त्यामुळे लिफ्टवाल्याच्या नशिबी लिफ्ट नाही. हत्यारांची जड पिशवी खांद्याला लावायची आणि जिना चढायचा. मशीनची खोली असते अगदी गच्चीला लागून. वाटेत मजल्यामजल्यावर लोक दारं उघडून विचारतात, "काय हो, चालत आलात?" सुरुवातीला पान्हा उत्तर द्यायचा. नंतर नंतर नुसता हसायचा.

त्याची आणखी एक सवय अख्ख्या कंपनीत गाजलेली. लिफ्ट दुरुस्त झाली की ती नुसती फिरवून बघून चालत नाही. जेवढी माणसं तिनं वाहायची, तेवढ्या भाराची लोखंडी वजनं आत ठेवायची, मग वरखाली न्यायची, मग पास करायची. बरेचजण अर्ध्या वजनावर भागवतात. पान्हा नाही. एकदा वजनं आणणारी गाडी वाटेत बंद पडली. इमारतीचा मॅनेजर गयावया करू लागला, "अहो, चालतेय ना व्यवस्थित? द्या की पास करून!" पान्हा म्हणाला, "रिकामी लिफ्ट माझी मुलगीसुद्धा ओढेल." मुलगी तेव्हा रांगत होती. मग त्यानं आपल्या बेकरीवाल्या दोस्ताला फोन लावला, मैद्याची पोती मागवली आणि ती लिफ्टमध्ये रचली. तोल बघायला मॅनेजरही पोत्यांबरोबर आत उभा राहिला. वाटेत एक पोतं फुटलं. वरच्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तिथं वाट बघत असलेल्या आजीबाई किंचाळून घरात पळाल्या, कारण आतून डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक माणूस बाहेर आला होता. पण लिफ्ट पास झाली, भरल्या वजनानं.

असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात आजारी पडला. छातीत कफ भरला, ताप मेंदूत जातो की काय असं झालं, दवाखान्यात राहावं लागलं. उठला तेव्हा अंगावरचे कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसत होते. घरी आल्यापासून सगळे त्याला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागले. मुलगी आली की उशी आणायची, जावई आला की खिडकी लावायचा, आणि दोघं गेली की पान्हा उठून खिडकी उघडायचा.

कंपनीच्या साहेबांनीही मोठ्या मनानं त्याला ऑफिसात खुर्ची दिली. फोन घ्यायचा, कुठली लिफ्ट कुठे अडकली ते ऐकायचं आणि पोरांना पाठवायचं. काही महिने तो बसला. खुर्ची चांगली होती, फिरायचीसुद्धा. पण फोनवर एखादा पोरगा म्हणायचा, "काका, आवाज येतोय पण कुठून ते कळत नाही," आणि पान्ह्याचे हात टेबलाखाली नुसतेच वळवळायचे. शेवटी साहेबांनी शुक्रवारी त्याला बोलावलं आणि सांगितलं, "सोमवारी मला एक काय ते सांग. खुर्ची कायमची घेतोस, की परत लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरतोस? मला माणसं लावायची आहेत."

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "फुप्फुसं बरी झाली आहेत. आता किती ओढतात ते वापरूनच कळेल."

त्या संध्याकाळी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पान्हा तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "उद्या आम्ही चौघं डोंगरावर चाललोय."

"ठाऊक आहे. तुम्ही पायथ्याशी बसून चहा पिणार आणि ते तिघं वर जाऊन येणार, असं ठरलंय म्हणे."

"असं त्यांनी ठरवलंय. मी वर जाणार. माझ्या पायांनी, माझं ओझं माझ्या पाठीवर घेऊन. जमलं तर सोमवारी शाफ्ट. नाही जमलं तर खुर्ची. परत तोंडातून ब्र काढणार नाही."

बायकोनं घडी अर्धवट ठेवली. हातातला शर्ट तिनं उगाचच पुन्हा झटकला. मग म्हणाली, "माझी एक अट. खोटं खोटं वर जायचं नाही. कुणी ओढलं, ढकललं, ओझं घेतलं, तर ते धरायचं नाही."

"कबूल."

"आणि हे त्या तिघांना सांगायचं नाही. नाहीतर ते तुम्हाला खांद्यावर बसवून नेतील आणि वर परत मलाच सांगतील, वहिनी, काय चालला गडी!"

"तेही कबूल," पान्हा म्हणाला.

आता हे तिघं कोण ते सांगतो. एक बेकरीवाला. गोल, लालबुंद, भट्टीसमोर उभा राहून राहून भुवया विरळ झालेल्या. त्याला खोटं बोलता येत नाही, कारण खोटं बोलताना त्याचे कान आधी लाल होतात. दुसरा शिंपी. हा इतका बारीक की मित्र म्हणतात, सुईत ओवला तर गाठ मारावी लागेल. माणूस भेटला की नमस्काराच्या आधी त्याच्या खांद्याचं माप नजरेनं घेतो. आणि तिसरा कलम. कचेरीत कारकून. सगळ्या गोष्टींना नियम लावतो म्हणून कलम. या चौघांच्या डोंगरावरच्या भटकंतीचे नियम त्यानंच तरुणपणी केलेले. पहिला नियम: चौघं वर, चौघं खाली, एकट्यानं कुठं जायचं नाही. हा नियम झाला कारण एकदा शिंपी एकटाच लाकडं आणायला गेला आणि दुसऱ्याच डोंगरावरून त्याला आणावं लागलं. दुसरा नियम: सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं, त्याला ओलांडून जायचं नाही. तरुणपणी पुढे कायम बेकरीवाला असायचा आणि सगळ्यात मागे, दोर आणि स्टोव्ह घेऊन, पान्हा.

शनिवारी सकाळी बसमध्ये पान्ह्याचा डोळा लागला. आजारपणापासून त्याला गाडी हलली की झोप यायची. पायथ्याला जाग आली तेव्हा बेकरीवाला त्याची पिशवी हातात घेऊन तयार होता.

"घे, चढव," बेकरीवाला म्हणाला. त्याचे कान लाल होते, पण पान्ह्याला वाटलं, ऊन आहे.

पिशवी पाठीवर घेतली मात्र, पान्ह्याला आनंदाचं भरतं आलं. हलकी! स्टोव्ह, भरलेली तेलाची बाटली, पातेलं, दोर, सगळं आत असून पिशवी पिसासारखी! म्हणजे अंगात ताकद परत आली. इतके महिने आपण उगाच उशीला टेकून बसलो! जन्मभर वजनांचा हिशेब ठेवलेला हा माणूस, पण आपल्या अंगात बळ आलं या विचारानं तो असा फुलला की त्याला शंकाही शिवली नाही. कुणाला शिवली असती?

"तर मग," कलम म्हणाला, "नियमाप्रमाणे सगळ्यात हळू चालणारा पुढे."

पान्हा ओठ आवळून उभा राहिला. त्याला पुढे जायचं नव्हतं. पण तो काही बोलायच्या आत शिंपी लंगडत पुढे आला.

"मी पुढे. बूट नवा आहे, टाच चावतेय."

"तू कसला?" बेकरीवाला उसळला. "माझ्या पोटरीत गोळा आलाय. मी पुढे!"

"नियम माझा आहे," कलम म्हणाला, "आणि मला सकाळपासून गरगरतंय. मी पुढे."

तिघांची अशी जुंपली की पायथ्याचा चहावाला किटली हातात धरून बघत राहिला. पुढे जाण्यासाठी भांडणारी माणसं त्यानं खूप बघितली असतील, पण मी जास्त अधू, मी जास्त अधू म्हणून भांडणारी पहिल्यांदाच. शेवटी आळीपाळीनं पुढे राहायचं ठरलं आणि पान्हा, त्याच्या जुन्या जागी, मागे.

मग चढण सुरू झाली. झाडीतली वाट संपते न संपते तोच शिंपी एका खडकावर बसला, बूट काढला, टाच निरखली. पान्ह्याला त्या टाचेवर काही दिसलं नाही. ओढ्यापाशी बेकरीवाल्यानं पोटरी धरून असा हंबरडा फोडला की झाडावरचे पक्षी उडाले. दगडी चढावर कलम डोळे मिटून म्हणाला, "सगळं फिरतंय," आणि लगेच एक डोळा किलकिला करून पान्ह्याकडे बघितलं.

"काय रे हे?" पान्हा हसून हसून म्हणत होता. "मला जपायला आणलंत की मी तुम्हाला जपायला आलोय? दे तुझी पिशवी इकडे."

"नको नको!" बेकरीवाला दचकून म्हणाला आणि पिशवी पोटाशी धरली.

पान्ह्याला त्यांची दया आली. प्रत्येक थांब्यावर त्याला विश्रांती मिळत होती हे त्याच्या ध्यानीही आलं नाही. त्याला वाटलं, अरेरे, माझे दोस्त म्हातारे झाले, मी मात्र वाचलो. दुपार कलल्यावर ते माथ्यावर पोचले. तिथं वाटसरूंसाठी एक दगडी खोली आहे, पत्र्याचं छप्पर, आत लाकडी फळ्यांचे ओटे. पान्ह्याच्या छातीत थोडी शिट्टी वाजत होती, पण तो उभा होता. त्यानं खाली दरीकडे बघितलं, हात वर केले आणि असा ओरडला की समोरच्या डोंगरानं तो आवाज परत पाठवला.

"चला, आता मी चहा करतो," तो म्हणाला. "बसा तुम्ही, आजारी माणसं!"

त्यानं पिशवीची दोरी सोडली, आत हात घातला. हाताला कागद लागला. बाहेर काढला तर टोस्टचा पुडा. पुन्हा हात घातला. पुन्हा टोस्ट. त्यानं पिशवी उलटी केली. ओट्यावर टोस्टच टोस्ट, एकावर एक, फुगीर पुडे, वाऱ्यानं उडतील असे. त्यांच्यावर एक घोंगडी आणि त्याचा स्वतःचा स्वेटर. बस्स.

मग कलमनं मुकाट्यानं आपल्या पिशवीतून स्टोव्ह काढला. शिंप्यानं दोर काढला. बेकरीवाल्यानं पातेलं आणि तेलाची बाटली पुढे ठेवली. त्याचे कान आता डाळिंबाच्या दाण्यासारखे झाले होते.

"तुझ्या मुलीचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाली, काका, बाबांना दमवू नका. मला दुसरं काय सुचणार? दुकानात टोस्टच हलके."

"आणि पोटरी?"

"पोटरी ठणठणीत आहे रे."

"काय?" शिंपी त्याच्यावर फिरला. "मग मी तुला धरून ओढा पार केला तो कशाला?"

"तू लंगडत होतास ना? मीच तुला धरलं होतं!"

"माझी टाच कुठे दुखतेय! पान्ह्याला थांबायला मिळावं म्हणून मी लंगडलो."

दोघांनी कलमकडे बघितलं. कलम चष्मा पुसायला लागला. "गरगरणं," तो म्हणाला, "हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, म्हणून मी ते निवडलं."

मग तिघांना जे हसू फुटलं ते आवरेना. बेकरीवाला ओट्यावर आडवा झाला आणि त्याच्याखाली एक पुडा कुरकुरत चुरला. पान्हा मात्र हसला नाही. तो त्या टोस्टच्या ढिगाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून सगळा उजेड गेला होता. ते बघून एकेकाचं हसू विरलं.

"पान्ह्या, रागावलास होय?" शिंपी हळूच म्हणाला.

तेव्हा पान्ह्यानं त्यांना सगळं सांगितलं. साहेब, सोमवार, खुर्ची, बायकोची अट.

"अरे, मग आधी बोलायचं होतंस, लेका!" बेकरीवाला रडकुंडीला आला.

"बोललो असतो तर तुम्ही मलाच पिशवीत घातलं असतं आणि वर टोस्ट ठेवले असते."

कलमनं घसा साफ केला. "हे बघ, अटीत असं आहे की कुणी ओझं घेतलं तर. पण तुला ते माहीत नव्हतं. म्हणजे तुझ्या बाजूनं फसवणूक नाही. निदान अर्धी चढण धरायला..."

"रिकामी लिफ्ट पास करतोयस तू," पान्हा म्हणाला. "अर्धं वजन ठेवून मी कधी सही केली? मग स्वतःवर कशी करू? उद्या उजाडलं की मी खाली जातो. सगळं पाठीवर घेऊन परत वर येतो. तुम्ही इथं बसा, टोस्ट खा."

"नियम पहिला," कलम सुस्कारा टाकून म्हणाला. "चौघं वर, चौघं खाली."

"अरे देवा," बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे मला पण दोनदा?"

"तुझीच अक्कल ना?" शिंपी म्हणाला. "चाल आता."

रविवारी पहाट फुटता फुटता चौघं उतरायला लागले. पिशवी पान्ह्यानं स्वतःच्या हातानं भरली होती, आणि ती पाठीवर घेताना त्याचा श्वास छातीतच अडकला. काल जी पिसासारखी होती ती आज दगडासारखी होती. हे त्याला आवडलं नाही, पण खरं काय ते आता तरी कळलं. पायथ्याच्या चहावाल्यानं चहा देता देता विचारलं, "झालं का दर्शन डोंगराचं? घरी?"

"नाही," शिंपी म्हणाला. "आवडला, म्हणून परत चाललोय."

चहा संपवून पान्हा उठला. तिघं त्याच्याकडे बघत राहिले. कोण पुढे, हे आज कुणी विचारेना. पान्ह्यानं पिशवीचे पट्टे ओढून घट्ट केले.

"आज मी पुढे," तो म्हणाला.

एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक. सगळं आयुष्य तो मागे चालला होता, पडणाऱ्याला धरायला. आता तो पुढे झाला आणि त्याच्या चालीनं तिघं चालू लागले. आणि चाल कसली, गोगलगायीनं वाट मागावी अशी. झाडीतच त्याला थांबावं लागलं. छातीत भाता चालावा तसा आवाज येत होता. तो झाडाला हात लावून उभा राहिला, श्वास जागेवर आला, पुन्हा निघाला. कुणी "बरं वाटतंय का" म्हटलं नाही, कारण निघतानाच त्यानं बजावलं होतं, जो विचारेल त्याला दरीत ढकलीन.

ओढ्यापाशी तो बसला. दगडी चढावर पुन्हा बसला. त्यानं वर बघायचं सोडून दिलं. जिना चढताना तो कधी गच्ची बघत नसे, पुढचा मजला बघत असे. आता मजले नव्हते, मग त्यानं दगड धरले. त्या पांढऱ्या दगडापर्यंत. मग त्या वाकड्या झुडपापर्यंत. एखाद्या झुडपाशी पोचला की मनात म्हणायचा, झालं, आता पुढचं दार.

शेवटच्या कड्यावर वाट उभी होते. हात टेकून चढावं लागतं. तिथं पिशवीनं त्याला मागे खेचलं, गुडघा खडकावर आपटला आणि तो तसाच चार पायांवर थांबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून शिंप्याचा आवाज आला, अगदी हलका, "पान्ह्या, स्टोव्ह तेवढा दे. इथून माथा दिसतोय. कुणाला कळणार आहे?"

मोह झाला. झाला नाही असं कोण म्हणेल? स्टोव्ह दिला असता तर बायकोला काय कळणार होतं? साहेबांना काय कळणार होतं? पण कुठल्यातरी बिऱ्हाडातली बाई उद्या लिफ्टचं दार उघडून पोराला आत घेईल, आणि वर मशीनच्या खोलीत ब्रेक बसवणारा हात कुणाचा असेल? त्याला तेवढंच कळत होतं, की आपण किती ओढतो ते खरं खरं ठाऊक असल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

"मागे हो," तो म्हणाला. "घसरलो तर तुझ्यावर पडेन आणि तू मोडशील."

शिंपी हसला. पान्ह्यानं एक हात वर टाकला, मग गुडघा, मग दुसरा हात. किती वेळ लागला कुणास ठाऊक. पण खडक संपला आणि समोर पत्र्याचं छप्पर दिसलं. काल तो ओरडला होता. आज तो नुसता दाराशी बसला, पाठ भिंतीला लावून, पिशवीसकट.

मागून बेकरीवाला आला. त्याला आज खरोखरचा गोळा आला होता आणि त्यावर कुणाचाही विश्वास बसत नव्हता.

"अरे, देवाशपथ!" तो पोटरी धरून ओरडत होता. "आज खरंच आहे!"

"ते बाहेरून सिद्ध करता येत नाही," कलम म्हणाला आणि त्याच्या शेजारीच कोसळला.

पान्ह्यानं स्टोव्ह काढला, काडी पेटवायला गेला. काडी हलत होती. काडी नव्हे, हात हलत होता. एक काडी विझली, दुसरी विझली. बाकीच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पान्ह्यानं पेटी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला, एखाद्या मशीनचा आवाज ऐकत बसावं तसा. वारा वाहत होता, दोस्त धापा टाकत होते. हळूहळू बोटं शांत झाली. मग त्यानं पुन्हा काडी ओढली. पहिल्या झटक्यात स्टोव्ह पेटला.

"म्हणजे असं आहे तर," तो स्वतःशीच म्हणाला.

शेवटची बस त्यांनी कशीबशी गाठली. बेकरीवाल्याचे गुडघे वळेनात, म्हणून त्याला पाठमोरा करून पायरीवर बसवला आणि शिंपी व कलमनं आत ओढून घेतला. कंडक्टर म्हणाला, "हा माल वर टपावर टाका," तेव्हा सगळी बस हसली आणि सगळ्यात मोठ्यानं बेकरीवाला.

दिवेलागणीला पान्हा घरी पोचला. बायकोनं दार उघडलं, त्याच्या गुडघ्यावरची फाटकी पँट बघितली, चेहरा बघितला, पाणी दिलं. मग समोर बसली.

"बोला. खरं काय ते."

पान्ह्यानं खरं काय ते सांगितलं. शनिवार धरायचा नाही, हे आधी सांगितलं. टोस्टचं ऐकून ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग रविवारचं सांगितलं. किती ठिकाणी बसलो, कड्यावर स्टोव्ह देऊन टाकावासा वाटला होता, दिला नाही. आणि काड्या विझल्या ते.

तिचं हसू थांबलं. "हात कापत होते?"

"होय. पोचल्या पोचल्या. थोडं बसलो, मग थांबले."

"आणि वर मशीनच्या खोलीत हात थरथरले तर चालत नाही."

"नाही चालत."

ती बराच वेळ टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटानं पुसत राहिली. तिला हवं असतं तर तिनं त्या कापणाऱ्या हातांवरून त्याला खुर्चीत बसवला असता, आणि तो बसलाही असता, कारण शब्द दिला होता. हे दोघांनाही कळत होतं.

"मग साहेबांना फोन लावा," ती शेवटी म्हणाली. "आत्ता, माझ्यादेखत. सांगा, मी वर चढेन, पण पोचल्यावर आधी बसेन. हात थांबल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. मग खाली कुणी कितीही बोंबलू दे. हे कबूल असेल तर येतो म्हणावं."

पान्ह्यानं फोन लावला, शब्दन् शब्द तेच सांगितलं. पलीकडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जिना चढून आल्यावर पोरंसुद्धा बसत नाहीत, सरळ पान्हे फिरवायला लागतात. तू त्यांनाही बसायला शिकव. सकाळी ये."

फोन ठेवला. पान्ह्यानं इकडे तिकडे बघितलं. "माझे कामाचे बूट?"

"माळ्यावर टाकलेत. मला वाटलं होतं, लागणार नाहीत."

"काढून देतेस?"

"मी कशाला?" ती उठत म्हणाली. "एवढी चढायची हौस आहे ना? हे घ्या स्टूल."

तिनं स्टूल माळ्याखाली आणून ठेवलं. पान्हा त्याच्यासमोर उभा राहिला. एक पाय उचलायला गेला, मांडीतून अशी कळ निघाली की पाय तिथंच राहिला. दुसरा करून बघितला, तोही तसाच. दोनदा डोंगर चढून आलेला माणूस एका हातभर स्टुलापुढे उभा राहून डोळे वटारून त्याच्याकडे बघत होता.

"जमत नाही का?" बायकोनं विचारलं.

"थांब जरा," पान्हा म्हणाला. त्यानं माळ्याच्या कडेला एक हात घातला, दातावर दात दाबले आणि दुसऱ्या हातानं स्वतःची पँट धरून गुडघा वर ओढला. पाय स्टुलावर पडला.

"हं," ती म्हणाली, आणि वाकून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. "आता दुसरा."